शकुनचं बोट

मी काही देवी नाही, हे पहिलेच सांगून ठेवते. सक्करदऱ्याच्या बालवाडीत एकवीस वर्षं पोट्ट्याइले अक्षरं शिकवली, म्हणून लोक रस्त्यात थांबवून हात जोडतात. "प्रयागबाई, तुमच्यासारख्या तुमीच," म्हणतात. अठ्ठ्याहत्तर साली मी काय केलं, ते त्याइले माहीत नाही.

माझी रीत सोपी होती. महिनाभर मी पाटी हातातच देत नव्हती. पहिले फरशीवर खडूनं मोठ्ठं अक्षर काढाचं, पोट्ट्याइनं त्याच्यावर चिंचोके मांडाचे. मंग चिंचोके उचलून त्याच अक्षरावरून पाण्यात बुडवलेलं बोट फिरवाचं. आता नागपूरचं ऊन! शेपटापर्यंत पोचेस्तोवर अक्षराचं डोकं वाळून जाये. "बाई, पळालं, पळालं!" म्हणून पोट्टे बोंबलत अन् पुन्हा बोट बुडवत. असं खेळता खेळता हात वळते. शेवटी परातीत कन्हान नदीची रेती. तिथं मी लेकराचं बोट धरून अक्षर गिरवून घेई. तीन दिवस धराचं, चौथ्या दिवशी सोडाचं. नाही सोडलं तर ते जन्मभर कोणाच्या तरी हाताची वाट पाहत बसते. हे मी नव्या शिकवणाऱ्या बायाइले दटावून सांगत होती, बरं का.

शकुन साडेपाच वर्षांची होती. माय वारलेली. बाप रुपराव इतवारीत हातगाडी ओढे, अन् पोरगी दिवसभर माझ्या बालवाडीत. अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात त्याले सावनेरकडे कोळशाच्या खाणीत काम लागलं. तिथं त्याची वहिनी राहे, पण तिथल्या हेडमास्तरनं अट घातली, पोरीले आपलं नाव लिहिता आलं तरच पहिलीत घेईन. मी म्हटलं, "राहू दे गा माझ्याजवळ. नाव लिहाले शिकली की घेऊन जाजो."

माझा नवरा लग्नाच्या तिसऱ्याच वर्षी गेला, लेकरू झालंच नाही. एका खोलीत मी अन् माझा स्टोव्ह. कोणी बोलाले नाही म्हणून मी त्या स्टोव्हशी भांडत होती, खोटं काहून सांगू?

पोरगी राहाले आली अन् खोलीत आवाज आला. वेणी घालताना किंचाळे, पोळ्या लाटताना पिठात नाक घाले, अन् झोपताना माझ्या पदराचं टोक मुठीत धरे. चव्वेचाळीस वर्षांची घोडी मी, पण त्या एवढ्याशा मुठीपायी कूस बदलत नव्हती.

तिथंच माझी नियत फिरली.

'कु' अन् 'न' तिले पंधरा दिवसांत आले. 'श' राहिला. तोही येऊन राहिला होता. माझ्या हाताखाली तिचं बोट आपलं आपण वळे, मले ते बरोबर कळे. पण मी बोट सोडलंच नाही. चौथा दिवस गेला, चाळिसावा गेला. ती एकटीच रेतीत बोट घालाले लागली की मी परात हलवून टाकत होती. "अजून कच्चं आहे," म्हणे. रुपराव रविवारी मुरमुरे घेऊन येई अन् दारातूनच विचारे, "आलं का बाई?"

"'श' कठीण असते गा," मी म्हणे.

दिवाळीनंतरच्या रविवारी तो आला तो खाली बसलाच नाही. "राहू द्या आता बाई," म्हणाला. "तुमच्यासारखीच्या हाताखाली चार महिन्यांत नाही आलं, म्हणजे हिच्या डोक्यातच नसन. वहिनीचं बाळंतपण आलं, पोरं सांभाळाले नेतो हिले. शाळा-बिळा कॅन्सल."

शकुन भिंतीले चिकटून उभी होती. "मी ढ आहो ना बाई?" तिनं मलेच विचारलं. रडली नाही. बाई म्हणन ते खरं, अशी पाहून राहिली होती.

"नाही वं माय," म्हटलं. "रुपराव, येते हिले. कधीचंच येते. मी खोटं बोलली."

"चार महिने, बाई?" तो एवढंच बोलला. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

मी परात खोलीच्या मधात आणून ठेवली. शकुननं सवयीनं बोट माझ्यापुढं केलं. मी हात मागं घेतला. ती रेतीकडे पाहे, माझ्याकडे पाहे, बोट तसंच हवेत. माझ्या हाताबिगर आपल्याले येत नाही, हे मीच तिले शिकवून ठेवलं होतं. दुसरं काही शिकवलंच नव्हतं मी चार महिने. रुपरावनं पिशवी उचलली.

मले काय वाटलं कोणास ठाऊक, मी उठली अन् सरळ बाहेर नळापाशी जाऊन उभी राहिली. दाराकडे पाठ केली. अगाई, काय वेळ होती ती! नळ ठिबकून राहिला होता अन् आतून काहीच आवाज नाही.

मंग रुपराव ओरडला. "श... कु... न! अवं पोरी!"

एकवीस वर्षांत शेकड्यानं पोरं लिहिती झाली माझ्यापुढं. हिचं मी पाहिलं नाही.

ती बाहेर आली ती गठुडं घेऊनच. बोटाले रेती चिकटली होती. "बाई, मले येत होतं. मंग तुमी काहून नाही म्हणत होत्या?"

लेकराशी आता काय खोटं बोलाचं? "तू गेली की मले करमणार नाही म्हणून."

तिनं जरा विचार केला. "मंग मले सांगाचं ना बाई," म्हणाली. "मी लिहिलंच नसतं."

रुपराव बस चुकन म्हणून घाई करून राहिला होता. मी तिची सुटलेली रिबीन बांधली अन् जाऊ दिलं.