शिवेवरची टोपली

सत्तावन्न सालचा श्रावण. ऐन रोवणीचे दिवस, आणि चिचगडकडच्या जंगलपट्टीत चिखलात वाकायला माणूस नाही. कुठल्या परमुलखातून निघालेला तो खोकल्याचा ताप आगगाडीनं गोंदियाला उतरला आणि बाजाराच्या वाटेनं धनवंताबाईच्या गावात शिरला. पंधरवड्यात अकरा माणसं गेली. धानाचे पऱ्हे, लावणीची कोवळी रोपं, बांधावरच पिवळे पडले.

गावानं मग वाडवडलांचा उपाय काढला. घराघरातून एकेक टाकाऊ वस्तू घ्यायची, फुटकं सूप, झिजलेली केरसुणी. सगळं टोपलीत भरायचं, वर काळी कोंबडी बांधायची आणि टोपली शेजारच्या गावाच्या शिवेवर नेऊन ठेवायची. रोग टोपलीसोबत जातो. त्या गावानं ती पुढच्या शिवेवर न्यावी. आपल्या दारची पीडा शेजाऱ्याच्या दारात! पण मरण उंबऱ्यात आल्यावर शेजारधर्म कोणाला आठवतो?

या खेपेला शीव ठरली मोहटोल्याची. मोहटोल्यात धनवंताची एकुलती लेक जमुना दिलेली होती, सातव्या महिन्याची पोटुशी. पुजारी उदारामनं गावाचं नाव घेतलं तेव्हा धनवंताच्या काळजात चर्र झालं. पण घरी नवरा बिसराम तापानं फणफणला होता. तिनं बिसरामच्या घामेजल्या धोतराची चिंधी फाडून आपल्या हातानं टोपलीत टाकली.

दुसऱ्याच दिवशी बिसरामचा ताप उतरला. धनवंताला आनंद व्हायचा, तर ती धास्तावलीच. टोपली खरी ठरली होती. म्हणजे आता पाळी जमुनाची.

"मी पोरीले घेऊन येतो," ती म्हणाली.

"आवाज काऊन बसला तुहा?" बिसरामनं पडल्यापडल्या विचारलं.

"ओल्या लाकडाचा धूर गेला असन," म्हणत ती निघालीसुद्धा.

शिवेवर मोहटोल्याचे चार गडी काठ्या घेऊन उभे होते. टोपली पुढं न्यायला कोणी धजत नव्हतं, आणि ती गावात कोणी आणू नये म्हणून हा पहारा.

"चैतरामची सासू हाय," एकानं ओळखलं. "जा मामी, पन टोपलीले शिवू नका."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. पण त्या बिचाऱ्यांना काय ठाऊक, आणि धनवंताला तरी कुठं! टोपलीला पदराचा वाराही लागू नये म्हणून ती दोन बांध्यांचा, म्हणजे दोन भातखाचरांचा, वळसा घेऊन गेली.

"माय, एवढ्या पान्यात कायले आली?" जमुना दारातच हसली.

धनवंतानं तिला उराशी धरलं, तोंडावरून हात फिरवला, गालाला गाल लावला. "चाल घरी. आपल्या गावातून रोग गेला."

जावई चैतराम अडून बसला. "दोन दिस थांबा, मामी. बांधीत पानी भरून हाय. रोवना झाला का मीच आनून सोडतो."

धनवंता राहिली. मायलेकी एका ताटात जेवल्या, एका वाकळेत निजल्या. जमुनाच्या पोटातलं बाळ लाथ मारायचं तेव्हा दोघी हसायच्या. मध्येच धनवंताला ढास लागायची. जमुना आपल्या तोंडचं पाणी तिला द्यायची, उरलेलं स्वतः प्यायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी जमुना उठली नाही. अंग निखाऱ्यासारखं, श्वास लागलेला.

चैतराम काठी घेऊन शिवेकडे पळत सुटला. टोपली कोणी आणली त्याचं डोकंच फोडायचं होतं त्याला. घटकाभरानं तो परतला तो चिखलानं माखलेला, रडकुंडीला आलेला.

"टोपली तिथंच हाय, मामी. कोनं हात नाय लावला. शिवेच्या आत कोनी आलंच नाय. मंग हे आनलं कोनं?"

धनवंताच्या घशात खवखवलं. तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला, पण खोकला आलाच. मग मात्र तिला सगळं कळलं. जमुनाच्या कपाळावर ठेवलेला हात तिनं हळूच काढून घेतला.