मोटरीला येणारा फोन

आईचं, अनसाबाईचं, सगळं दिवसकार्य उरकलं आणि हैदराबादला परत निघायच्या आदल्या दिवशी अनिलकुमारनं रानातल्या पत्र्याच्या खोपटात, मोटरीच्या स्टार्टरशेजारी, एक डबा बसवून घेतला. डब्यात मोबाईलचं सिमकार्ड होतं. लाईट आली की डबाच अनिलला मिस कॉल द्यायचा. त्यानं तिकडून डब्याला फोन लावला की इकडं खटकचिंचोळीत मोटर चालू.

"अप्पा, आता अंधाराचं रानात जायचं न्हाई," तो बापाला म्हणाला. "निवांत झोपायचं."

"बरं," पिराजी म्हणाला. बायको गेल्यापासून तो सगळ्यालाच बरं म्हणत होता.

गुरुबाईला मात्र डबा बघून रडू आलं. ती पिराजीची थोरली भावजय, एकाच अंगणात राहायची. तिचा नवरा मारोती पावसात ओल्या हातानं स्टार्टर दाबायला गेला आणि शॉक बसून तिथंच पडला, त्याला आता बरीच वर्षं झाली होती. तिनं पदरानं डब्यावरची धूळ पुसली. "तव्हा हे असतं तर," एवढंच म्हणाली.

पिराजीलाही ते पटत होतं. डबा वाईट आहे असं त्याला कधी वाटलं नाही. फक्त आधी अनिलचा रोज फोन यायचा. अप्पा, लाईट आली का, मोटर चालू केलाव का? मग अनसाबाई हातातून फोन ओढून घ्यायची आणि मायलेकरांचं चालायचं. आता लाईट कधी आली हे अनिलला बापाच्या आधी कळत होतं. फोन कमी झाले, मग थांबलेच. भांडण नाही, राग नाही. विचारायचंच काही उरलं नव्हतं.

उसाला ठिबक होतं, त्यामुळं पाणी फिरवायचंही काम नव्हतं. पिराजी सवयीनं रानात जाऊन बांधावर बसायचा. एकाएकी मोटर घुरघुरायची. म्हणजे आत्ता, या घडीला, अनिलनं फोन लावला. डब्याला. यावर आपल्याला काहीतरी वाटायला पाहिजे, असं त्याच्या मनात यायचं. वाटत काही नव्हतं.

एका सकाळी तो उठला, खोपटात गेला, मेन स्विच खाली ओढला, मोटरीचा फ्यूज काढून खिशात टाकला आणि स्विच परत वर केला. आधी ठरवलं होतं असंही नाही. घरी येऊन बसला, तोवर खिशातला फोन वाजला.

"अप्पा, लाईट हाय पण मोटर चालू होईना. उंदरानं वायर कुरतडली काय की. बघून या बरं."

"बघतो. जेवलास का?"

"जेवलो. ड्यूटीवर हाय मी. बघून सांगा."

पिराजीनं काही दिसेना म्हणून सांगितलं. संध्याकाळी परत फोन आला. दुसऱ्या दिवशीही. मोटरीचं बोलून झाल्यावर अनिल एकदा म्हणाला, पोरगी आता भिंतीला धरून चालायलीय. पिराजी व्हय व्हय म्हणाला. फोन ठेवला आणि स्वतःच्या मनात बघितलं, तर तिथं सगळं होतं तसंच होतं. फोन यावा म्हणून फ्यूज काढला होता, फोन आलाही होता.

मग फोनऐवजी भालकीहून मेकॅनिक आला. अनिलनं परस्पर पाठवला होता. त्यानं स्विचचं झाकण उघडलं आणि हसला.

"फ्यूजच न्हाई की! कोण काढलं हो?"

पिराजीचा हात खिशात होता. तो काही बोलायच्या आत बांधावर गवत कापणारी गुरुबाई विळा घेऊन पुढं आली. "मी काढले. पाणी जास्ती होऊन ऊस पिवळा पडायलता."

"मरायचं हाय का आजी? परत हात लावू नका." त्यानं नवा फ्यूज बसवला, अनिलला फोन केला. मोटर सुरू झाली. तो गेला.

त्याच्या मोटारसायकलचा आवाज विरल्यावर गुरुबाई पिराजीकडं वळली. "भावजी, हात कोरडे होते का ओले?"

"कोरडे."

"आता मला दुसरं मढं बघायला लावायलाव व्हय?"

त्यानं खिशातून हात बाहेर काढला.

"मी बोलते अनिलला. बापाला रोज फोन कर म्हणते."

"नको वैनी."

"कामून?"

"त्यो फोन केला तर मी काय बोलू?"

गुरुबाईनं गवताचा भारा बांधला. पिराजीनं तो तिच्या डोक्यावर चढवला आणि दोघं घराकडं निघाली.

दिवेलागणीला अनिलचा फोन आला. "थोरल्या मायला सांगा, फ्यूजला हात लावायचा न्हाई म्हणावं."

"सांगतो."

पलीकडं एखादी गाडी गेल्याचा आवाज आला.

"ठेवू का अप्पा?"

"ठेव."

गुरुबाईनं भाकरी आणि वरण पुढं सरकवलं. वरण अळणी होतं. पिराजीनं मीठ मागितलं नाही. ताटात होतं तेवढं खाल्लं आणि हात धुवायला उठला.