लेकीच्या घरचं पाणी

साहेबरावांचा एक पाय घरात, एक दारात. पिशोरहून सिडकोत लेकीकडं, रूपालीकडं आले की त्यांचं हे असंच. बसायचं, उठायचं, गॅलरीत डोकवायचं, परत बसायचं. घशाला कोरड पडलेली, गावाहून आणलेली बाटली रिकामी, पण पाणी मागतील तर शपथ! लेकीला मूल झाल्याशिवाय माहेरच्या कुणीच तिच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही, असा घराण्याचा नेम.

रूपालीनं तरी हट्टानं भरीत-भाकरी केली होती.

"पुढल्या वर्षी जेवीन गं," साहेबराव हसत म्हणाले. दर वर्षी हेच म्हणायचे. त्यांना वाटायचं, आपण लाडानं चिडवतोय.

रूपालीनं ताट आदळलं. "कधीच नाय जेवणार तुम्ही, अप्पा. आम्हाला मूल नकोय. दोघांनी ठरवलंय."

"नकोय म्हंजे? असं कुठं असतं व्हय?"

"इथं असतं. मग काय, जन्मभर माझ्या घरात तहानलेले बसणार?"

साहेबरावांचं डोकंच सणकलं. पिशवी उचलून तरातरा जिना उतरले. मूल नको म्हणे! हे काय नवीन खूळ? रिक्षात बसले, पण जीव काही थाऱ्यावर येईना.

"चाचा, पसीना-पसीना हो गए. पानी पियो," म्हणत रिक्षावाल्यानं बाटली पुढं केली. साहेबरावांनी घेतली, तोंडाला लावली आणि पहिल्याच घोटाला खाली घेतली. कोण कुठला माणूस, त्याचं पाणी चालतं!

गोजरबाई आठवली. त्यांची थोरली बहीण, करमाडला दिलेली. तिला मूल झालं नाही. दर खेपेला ती बापापुढं तांब्या ठेवायची, बाप हात जोडायचा. साहेबरावही तिच्याकडं जायचे ते बाटली घेऊनच. बाप गेला, तेव्हा त्याच्या तोंडात पाणी सोडताना ती म्हणाली होती, "आता म्हना की नाय, बाबा." मयतीत असं बोलतात का, म्हणून साहेबराव तिच्यावर खेकसले होते.

"रिक्षा फिरव रे," ते म्हणाले.

रूपालीनं दार उघडलं. रडून डोळे सुजलेले. "अप्पा, आमचं ठरलंय ते ठरलंय."

"ऐकलं की. मला काय ते पटलं नाय अजून. पण जीव चाललाय तहानेनं, पाणी दे आधी."

तिनं तांब्या दिला. साहेबराव गटागटा प्याले, निम्मं सदऱ्यावर सांडलं. मग ताटापुढं मांडी घालून बसले.

"वाढ. अन् आत्याला फोन लाव. म्हणावं, भाऊ उद्या जेवायला येतोय."