सतरंजीवरची पहिली पालथी

"अगं बाई! पडली, पडली!"

पाळणाघर चालवणाऱ्या मावशी एवढ्या जोरात ओरडल्या की कोपऱ्यातली दोन लेकरं दचकून रडायलाच लागली. तिथे एकाने सूर लावला की बाकीचे साथ देतात, तसंच झालं. पण मावशींना कुठलं भान! त्यांची चार महिन्यांची नात सतरंजीवर पहिल्यांदा पालथी पडली होती. एक हात पोटाखाली अडकलेला, मान मात्र ताठ, आणि चेहऱ्यावर रुबाब असा, की जणू हे आजवर कुणाला जमलंच नव्हतं.

"हात कोण काढणार? मी?" मावशींनी दटावलं. नातीने कण्हत-कुंथत, हिसका देऊन तो स्वतःच काढला. मावशींचा ऊर भरून आला.

गेला आठवडाभर ती कुशीपर्यंत यायची आणि धपकन उताणी व्हायची. त्याआधी नजर कधी ठरली, हुंकार कधी दिला, मान कधी धरली, सगळं मावशींना पाठ. तेवीस वर्षांत शंभरेक पोरं याच खोलीत पालथी पडली होती, आणि एकाही आईला मावशींनी ते सांगितलं नव्हतं. पहिलं ते आईने बघायचं, हा त्यांचा कायदा. त्यांची स्वतःची लेक पालथी पडली तेव्हा त्या बाटल्यांच्या कारखान्यात होत्या. संध्याकाळी शेजारणीने दारातच सांगितलं होतं, "तुझी पोर पालथी पडली गं, काय मजा आली!" ती मजा मावशींना अजून टोचायची.

पण ही सख्खी नात! आज गप्प बसले तर पोट फुटेल, असं त्यांना झालं.

सहाला लेक आली. दिवसभर तिकीट खिडकीवर बसून तिचा चेहरा उतरला होता. पोरीला उचलत तिने भीत भीत विचारलं, "आई, आज काय केलं गं हिने?"

अगदी ओठांवर आलेलं मावशींनी गिळलं. "काय करणार? प्यायली, झोपली, चार लंगोट भिजवले. आणि हे बघ, घरी पलंगावर नको टाकूस. खाली टाक, बाजूला खुळखुळा धर, आणि तिथून हलू नकोस."

साडेसातला फोन वाजला. "आई! पालथी पडली! माझ्यासमोर! पहिल्यांदा!"

"काय सांगतेस!" मावशींनी तेवीस वर्षांचा सराव पणाला लावला. "हात काढला का गं पोटाखालचा?"

"काढला! पण तुला कसं कळलं, अडकला होता ते?"

मावशींनी जीभ चावली. "अगं, सगळ्यांचाच अडकतो. तुझाही अडकला होता म्हणे."

लेक हसली, मग हळूच म्हणाली, "आई, वाईट वाटलं का गं? दिवसभर तू सांभाळतेस, आणि नेमकं तुलाच बघायला मिळालं नाही."

"उद्या बघेन की. कुठे पळून जातेय ती?"

फोन ठेवून मावशी सतरंजी गुंडाळायला वाकल्या. मधोमध नातीच्या लाळेचा डाग अजून दिसत होता. त्यांनी ती तशीच पसरलेली राहू दिली.