मिनिटाला किती शब्द

"बाई, उद्या वाचन तपासायला साहेब येणार म्हणे. माझ्या पोरीला तेवढं मागं बसवा," विहिरी खणणारा वर्गाच्या दारातूनच म्हणाला. गुडघ्यापर्यंत ओली माती. शाळा झाडायचं काम माझं; मी नुकतंच झाडून काढलेलं, म्हणून आत पाय ठेवायला लाजत होता.

"का म्हणून? वाचनात तीच पुढं आहे," बाई म्हणाल्या.

"जीभ अडते हो तिची. जिला बोलता येईना, ती वाचणार कुठून?"

पोर तिसरीतली. बोलायला गेली की पहिल्याच अक्षरावर अडकायची, म्हणून वर्गातली पोरं तिला फटफटी म्हणायची. बाईंनी मग वेगळीच तऱ्हा काढली. फळ्यावर ओळ लिहायची, पोरांनी एकेका शब्दाखालून बोट फिरवायचं. मग चिठ्ठ्या वाटायच्या. बोलायचं नाही, लिहिलंय ते करून दाखवायचं. जोडाक्षर आलं की बाकीची पोरं एकमेकांच्या तोंडाकडं बघायची. फटफटी तोवर उठलेली असायची.

बाईंनी आत्ताही एक चिठ्ठी लिहून तिच्या हातात दिली. तिनं बोट फिरवलं, उठली आणि पेला भरून बापाला नेऊन दिला.

"बाबांना पाणी दे, एवढंच लिहिलं होतं मी," बाई म्हणाल्या.

तो पाणी प्यायलाच नाही. पेला धरून नुसता उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी वारा उठला. वर्गात धूळच धूळ. साहेब माणूस वाईट नव्हता. घड्याळ लावायचा, उतारा पुढं करायचा, मिनिटात किती शब्द झाले ते मांडायचा. फटफटीच्या उताऱ्यात पहिलाच शब्द निघाला 'पाऊस'.

"प... प... प..."

मानेच्या शिरा ताठल्या. पोरं फिदीफिदी हसली. मिनिट संपलं.

"साहेब, तिला काहीही लिहून द्या," बाई काकुळतीला आल्या.

त्यानं लिहून दिलं. पोरीनं जाऊन वाऱ्याकडची खिडकी लावली, वर कडी घातली.

"हुशार आहे," साहेब म्हणाला. "पण बाई, याला रकाना नाही माझ्याकडं."

"मग शेरा तरी लिहा."

"आकडाच टाकावा लागतो हो." त्यानं शून्य टाकलं.

शून्यवाल्यांना सोमवारपासून पहिलीत बसवायचं, असा वरचा हुकूम. घरी द्यायच्या कागदावर सही बाईंचीच लागत होती. सही करताना त्यांनी पोरीकडं पाहिलं नाही.

शाळा सुटल्यावर ती आणि मी एकाच वाटेनं निघालो. तिचा बाप विहिरीच्या काठावर मातीची घमेली ओढत होता.

"काय म्हणाला साहेब?"

त्यानं हात पुसून कागद घेतला, उलटसुलट पाहिला, माझ्यापुढं धरला. मला तरी कुठं वाचता येतं? शेवटी त्यानं तो पोरीलाच दिला.

तिनं बोट ठेवलं. "आ... आपल्या... प... प... पा..."

बापानं घाई केली नाही. दोर हातात तसाच. खाली घमेलं भरून गडी हाका मारत होता, त्यालाही ओ दिली नाही. पोर पुढं वाचत गेली. "पाल्यास... अ... अद्याप... व... व... वाचता येत नाही."

"कुणी लिहिलंय हे?"

तिनं बाईंच्या सहीवर बोट ठेवलं.

तो माझ्याकडं वळला. "मग आत्ता हिनं केलं ते काय?"

सोमवारी पहिलीच्या रांगेत, भिंतीकडेला, तिच्यासाठी बस्कर मीच टाकलं.