तिसऱ्या रकान्यातलं खोटं

मित्रांनो, माझ्या कडा आता दुमडल्या आहेत आणि शाई फिकी पडली आहे. मी समुपदेशनाच्या तक्त्यांचा एक जुना गठ्ठा आहे. माझ्या प्रत्येक पानावर चार रकाने आहेत: काय घडलं, मनात काय आलं, मी काय केलं, पुढच्या वेळी काय करीन. वीस पानं टाचून समुपदेशक बाईंनी मला एका शिंप्याच्या हाती दिलं. "जसं घडलं तसंच लिहा," त्या म्हणाल्या.

शिंप्याच्या म्हाताऱ्या आईच्या लक्षात काही राहत नसे. वडील जाऊन नऊ वर्षं झाली होती, तरी ती दिवसातून दहादा विचारी, "हे आले का रे?" शिंपी तिच्यावर खेकसे. म्हणून थोरल्या बहिणीने त्याला हट्टाने बाईंकडे नेलं होतं.

कापड बेतायच्या टेबलावर तो मला भरी. एका दुपारी त्याने आईचा दंड धरून तिला खुर्चीत ढकललं आणि तिसऱ्या रकान्यात लिहिलं, 'जरा मोठ्याने बोललो.' मी ते मुकाट्याने गिळलं. पुढच्या भेटीत बाई म्हणाल्या, "छान प्रगती आहे हं!" त्या शाबासकीने मी शरमून गेलो. त्यानंतर आणखी दोनदा तसंच घडलं आणि दोन्ही वेळा तेच वाक्य माझ्यावर उमटलं.

मग एकदा बहीण आली. आईची बाही वर सारताना तिला दंडावर काळानिळा डाग दिसला.

"हे काय गं आई?"

"कुठंतरी आपटले असेन. त्याला काही बोलू नकोस हं, फार काम असतं त्याला."

शिंप्याने कात्री खाली ठेवली. "ताई, ते मी केलंय."

त्याच दिवशी माझी तीन पानं खोडून त्याने लिहिलं, 'मी आईला ढकललं. तीन वेळा.'

बाई ते वाचून रागावल्या नाहीत, पण त्यांनी पाठही थोपटली नाही. "आई काही दिवस ताईंकडे राहू देत. आपण पहिल्या पानापासून सुरू करू."

दोन महिने तो चौथा रकाना गिरवत राहिला: हातातलं काम ठेवायचं, दाराबाहेर जायचं, शेजारच्या काकूंना हाक मारायची. आई परतली आणि पहिल्याच दिवशी तिने विचारलं, "हे आले का रे?" शिंप्याचे दात आवळले गेले. तो बाहेर जाऊन उभा राहिला. आत आला तेव्हा म्हणाला, "नाही गं. तू बस माझ्याजवळ."

आता मी खणात पडून असतो. आई ते ढकलणं केव्हाच विसरली. शिंपी विसरला नाही, आणि मीही नाही. मित्रांनो, माझ्यासारखा कागद तुमच्या हाती आला, तर अक्षर कसंही काढा, हवं तर एखादं पान कोरं सोडा. पण खोटं लिहू नका. मला ओरडून सांगता येत नाही, आणि माझ्या गप्प बसण्याचे वळ दुसऱ्याच कुणाच्या अंगावर उठतात.