शिट्टीवर घटना

सरकारी शाळांत राज्यघटना रोज एक तास शिकवायची, असा कायदा झाला. शिकवायची कोणी, ते कायद्यात नव्हतं. आमच्या शाळेत तास काढला तो पीटीचा, त्यामुळे रिकामे झालेल्या पीटीच्या सरांच्याच गळ्यात घटना पडली. मुख्याध्यापिका त्यांना म्हणाल्या, "तपासणी नीट झाली तर तुम्हाला कायम करतील. नाही झाली तर पुढच्या वर्षी माझ्या हातात काही नाही."

कित्येक वर्षं कंत्राटावर काढलेल्या माणसाला एवढं पुरे. घरी बहीण, तिची मुलगी, सगळा भार त्यांच्यावरच. सरांनी घटना त्यांना येत होती तशी शिकवली. एक शिट्टी, सावधान. दोन शिट्ट्या, मूलभूत हक्क एका सुरात. मध्येच कोणी तोंड उघडलं की मैदानाला फेरी. अर्थ कोणालाच कळला नव्हता, सरांनाही नाही. पाठांतर मात्र चोख.

तपासनीस आले. बाकीच्या शिक्षकांबरोबर मीही वर्गात मागे उभा होतो. दोन शिट्ट्या झाल्या, हक्क झाले, साहेबांनी मान डोलावली. मग त्यांनी नेमकी सरांची भाचीच उठवली.

"मत मांडायचा हक्क म्हणालीस. कधी वापरलास का?"

"नाही."

"का गं?"

"त्याची शिट्टी अजून झाली नाही."

कोणी हसलं नाही. मुलांच्या लेखी ती पद्धतच होती.

"झाली असती तर काय बोलली असतीस?"

पोरगी सरांकडे बघत राहिली. मुख्याध्यापिका दारातून डोळ्यांनी 'पुरे' म्हणत होत्या. एक शिट्टी मारली असती तर सगळं निभावलं असतं. सरांचे कान लाल झाले. त्यांनी गळ्यातली शिट्टी काढून खिशात टाकली.

"बोल."

"मामा, आम्हाला यातलं काही कळत नाही. आणि आमचा खेळाचा तास परत पाहिजे."

मग भराभर हात वर झाले. सरांनी एकेकाला बोलू दिलं. साहेबांनी शेरा मारला: वर्गात शिस्त नाही. सरांना कायम केलं नाही. मला त्या माणसाचा अभिमान वाटला आणि रागही आला.

शेरा कळला त्या दिवशी फाटकापाशी भाचीनं विचारलं, "मामा, माझं चुकलं का?"

"नाही," सर म्हणाले. "पण घरी तुझ्या आईला तूच सांग. माझी हिंमत नाही."